झाड जाते, कलम उरते

मराठीत ‘कलम’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. लेखकाच्या हातात, कायद्याच्या पुस्तकात आणि माळ्याच्या टोपलीत. शब्द मुळात अरबी-फारसी वळणाचा. अर्थ बोरूची लेखणी. फारसीत झाडाच्या छाटलेल्या काडीलाही त्याच कुळातला शब्द आहे, आणि ते साम्य डोळ्यांना पटण्यासारखे आहे. बोरू जसा तिरका छाटून त्याला टोक काढतात, तशीच आंब्याची काडी तिरकी छाटून दुसऱ्या रोपाच्या चिरेत बसवतात. पुणेकराला पहिल्या दोन कलमांचे वेड आहे हे जगजाहीर आहे. लिहिण्याची हौस आणि कलमावर बोट ठेवून भांडण्याची हौस, दोन्ही आपल्या पाण्यातच आहेत. तिसऱ्या कलमाची हौसही या शहराला तितकीच जुनी आहे. तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. आज ती बोलण्याची वेळ आली आहे असे मला वाटते, कारण ती जिथे वाढली ती परसदारेच आता एकेक करून नाहीशी होत आहेत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो घरे गेली. त्यानंतर पर्वतीच्या पलीकडे सहकारनगरच्या बाजूला ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत आमचेही एक बैठे घर होते. वाड्यातल्या दोन खोल्यांतून आलेल्या माणसांना घराभोवती चार बाजूंनी जमीन मिळाली, हेच मोठे अप्रूप. त्या जमिनीचे करायचे काय, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. पुढे जाई-जुई आणि तगर, मागे न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू, कोपऱ्यात लिंबू, शेवगा आणि एक पेरू, आणि सर्वांत मागे आंबा. गल्लीतले कोणतेही घर पाहा, थोड्याफार फरकाने हीच मांडणी.

आमचा आंबा आईने १९६३ साली कोयीपासून लावला. कोय तिच्या माहेरची, खेड तालुक्यातल्या एका बांधावरच्या झाडाची. पहिला मोहोर यायला नऊ वर्षे लागली. फळ लहान, साल पिवळीधमक, रस पातळ आणि धागेदार. कापून खाण्याचा नव्हे, माचून चोखण्याचा आंबा. त्याला शेपूसारखा एक उग्र-गोड वास होता, म्हणून त्याचे नाव ‘शेप्या’. हे नाव आईने दिलेले नाही. पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी रायवळ आंब्यांना अशीच नावे असत. शेप्या, साखऱ्या, खोबऱ्या, केळ्या, गोट्या. प्रत्येक झाडाचे नाव वेगळे, कारण प्रत्येक झाडाची चव वेगळी. आमराईतल्या पन्नास झाडांना पन्नास नावे असणे ही कविकल्पना नव्हती, तो रोजचा व्यवहार होता. पुढे हापूस-केशरला भाव आला, रायवळाला तो राहिला नाही, आणि यातली असंख्य झाडे लाकडाच्या भावाने गेली.

वयाइतकी झाडे

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात पुनर्विकासाचे वारे सुटले आहे. मूळ मालकांची दुसरी-तिसरी पिढी, भावंडांतल्या वाटण्या, जुन्या भिंतींची गळती, परदेशी स्थायिक झालेली मुले. कारणे सर्वांच्या घरी सारखीच. आम्हा तिघा भावंडांनीही २०२२ च्या जानेवारीत करारावर सह्या केल्या. त्याबद्दल मी येथे रडगाणे गाणार नाही. चार माणसांच्या बैठ्या घराच्या जागी सोळा कुटुंबे राहणार असतील, तर शहराच्या दृष्टीने तो व्यवहार चुकीचा म्हणता येत नाही. प्रश्न फक्त मागच्या झाडाचा होता. नकाशात त्याच्या जागी मोटारी उभ्या करण्याचे तळघर होते.

आपल्याकडे नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले गेले, आणि झाड तोडणे अपरिहार्य असेल तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असा नियम आला. हेतू चांगला आहे. आमच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपांचा हिशेब झाला. पण त्या हिशेबाचा कागद हातात आल्यावर आमच्या धाकट्या बहिणीने एकच प्रश्न विचारला. ‘दादा, या साठांत शेप्या कुठला?’

उत्तर असे की, त्यात शेप्या असणे शक्यच नव्हते. साठच काय, सहाशे झाडे लावली तरी नाही. साठ वर्षांच्या, सोटमूळ खोल गेलेल्या आंब्याला उपटून दुसरीकडे नेण्याचा विचारही आम्ही करून पाहिला. जाणत्यांनी माना हलवल्या. बरे, त्याच झाडाच्या कोयी लावाव्यात, तर त्याही शेप्या देत नाहीत. हे का, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

आंब्याच्या मोहोरावर माश्या आणि इतर किडे फिरतात, आणि या झाडाचा पराग त्या झाडावर नेतात. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि तो या संकरातून तयार झालेला असतो. आई ठाऊक, बाप अज्ञात. म्हणून हापूसची कोय लावली तरी येणारे झाड हापूस नसते. ते रायवळच असते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या काही जाती याला अपवाद आहेत. त्यांच्या एका कोयीतून अनेक अंकुर फुटतात आणि त्यांतले बहुतेक हुबेहूब आईसारखे निघतात. आपल्या शेप्याला ती सोय नव्हती. तो जगात एकच होता. तो टिकवायचा तर त्याच्याच अंगाचा तुकडा दुसऱ्या मुळांवर जगवायला हवा. म्हणजेच कलम बांधायला हवे.

पुण्याचे माहेरघर

कलमाची विद्या आपल्याकडे कोकणातून वर आली, आणि कोकणात ती गोव्याहून आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्यावर कलमे बांधण्याचा प्रघात पडला. अफोन्सोचा हापूस झाला, ‘माल्कोराद’ म्हणजे फिक्या, वाईट रंगाचा, त्याचा मानकुराद झाला. नावाने वाईट रंगाचा असलेला हा आंबा गोवेकर आजही हापूसच्या वर बसवतो, ही त्यातली गंमत.

पण कलमाचे शास्त्र म्हणून, नोंदी ठेवून, निवड करून, जे काम झाले त्यात पुण्याचे स्थान मोठे आहे. गव्हर्नरच्या गणेशखिंडीतल्या बंगल्याजवळ १८७३ साली बाग सुरू झाली. तीच आजची महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतली गणेशखिंड बाग. २०२० साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. विद्यापीठाच्या रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्या किती पुणेकरांना तिचा इतिहास ठाऊक असेल याची मला शंका आहे. आज देशभर ज्याला ‘सरदार’ किंवा ‘लखनौ-४९’ पेरू म्हणतात, तो नावाने लखनौचा असला तरी निवडला गेला पुण्यात. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ साली गणेशखिंडीत त्याची निवड केली. ‘गणेश’ डाळिंबाचेही तेच. ‘आळंदी’ नावाच्या जातीच्या रोपांतून १९३६ साली एक झाड डॉ. चीमांच्या नजरेत भरले. बरीच वर्षे ते ‘जीबीजी-१’, म्हणजे गणेशखिंड बॉटनिकल गार्डन क्रमांक एक, या रुक्ष नावाने ओळखले जाई. १९७० साली त्याचे ‘गणेश’ असे बारसे झाले, आणि त्याने महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागाचे अर्थकारण बदलले.

या दोन्ही गोष्टींतला सारांश मला फार महत्त्वाचा वाटतो. आज लाखो झाडांवर लागणारी फळाची कोणतीही नामवंत जात एकेकाळी बियांपासून उगवलेले एकच निनावी झाड होती. कोणाच्या तरी ते लक्षात आले, आणि त्याने ते मरण्यापूर्वी त्याचे कलम केले. लक्षात आले नसते, तर तेही सरपणात गेले असते.

पुण्याच्या कलमांची याहून लांबची एक कहाणी आहे. येथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. मार्शल वुड्रो हे गणेशखिंड बागेशी संबंधित होते. आंब्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०४ साली निघाले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १८८९ साली त्यांच्यामार्फत पुण्याहून आंब्याची कलमे मागवली आणि फ्लोरिडातल्या बागायतदारांना वाटली. १८९५ च्या हिवाळ्यात तिथे हिमकडाका पडला. त्यातून एल्ब्रिज गेल या निवृत्त प्राध्यापकाच्या बागेतले ‘मुलगोबा’चे एक झाड वाचले, आणि १८९८ साली त्याला फळ धरले. त्या जातीची रोपे जॉन हेडन नावाच्या निवृत्त कॅप्टनने १९०२ साली लावली. पुढच्याच वर्षी तो वारला. रोपे त्याच्या पत्नीने, फ्लॉरेन्स हेडन यांनी, जगवली, आणि १९१० साली त्यांतल्या एका झाडाला लालबुंद, देखणे फळ आले. तो ‘हेडन’ आंबा. आज अमेरिकेच्या आणि युरोपच्या दुकानांत जे तांबूस आंबे दिसतात, त्यांतले बरेचसे या हेडनच्या वंशावळीतले आहेत. सर्वत्र मिळणारा ‘टॉमी ॲटकिन्स’ही त्याचेच अपत्य मानला जातो. न्यू जर्सीत राहणारा आपला मुलगा फोनवर ‘इथल्या आंब्याला चवच नाही’ म्हणून तक्रार करतो, तेव्हा त्याला सांगायला हरकत नाही की, बाबा रे, त्या आंब्याची पणजी पुण्याहूनच सासरी गेली होती!

पंधरा दिवसांचे रोप, चार महिन्यांची काडी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमच्यासाठी कलमे बांधली ती दापोलीकडच्या एका गृहस्थांनी. वय सत्तरीच्या आसपास, सगळे त्यांना मामा म्हणतात. झाडाला प्रदक्षिणा घालून ते म्हणाले, ‘म्हातारीच्या अंगावर काडी नाही.’ म्हणजे काय, तर जुन्या झाडाच्या फांद्या बारीक आणि निस्तेज असतात. कलमाला हवी पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार महिने वयाची, टोकाचा डोळा फुगलेली काडी. म्हणून महापालिकेची परवानगी घेऊन फेब्रुवारीत तीन-चार फांद्यांची हलकी छाटणी केली, तेव्हा उन्हाळ्यात तिथे जोमदार फूट आली. ज्यांना जुन्या झाडाची कलमे करायची आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. झाड तोडायला माणसे आल्यावर काड्या शोधून उपयोग नसतो. तयारी सहा महिने आधी लागते.

जूनमध्ये शेप्याचे आंबे उतरले. त्याच्याच कोयी धुऊन लगेच पिशव्यांत लावल्या. आंब्याची कोय ठेवून देऊन चालत नाही. काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती जाते. जुलैच्या मध्याला तांबूस, कोवळ्या पानांची रोपे वर आली. दहा-पंधरा दिवसांच्या अशा रोपावर जे बांधतात ते ‘कोय कलम’. पूर्वीचे ‘भेट कलम’ म्हणजे मोठा खटाटोप. कुंडीतले रोप झाडावर टांगायचे किंवा मचाणावर ठेवायचे, जिवंत फांदीशी त्याची गाठ घालायची, आणि दोन-तीन महिने त्याला पाणी घालत बसायचे. कोय कलमाने ते सारे सोपे केले. १९९० च्या सुमारास राज्यात रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. अशी मागणी भेट कलमाच्या गतीने पुरी होणे कठीणच होते.

काडी कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी मामांनी तिची पाने देठ ठेवून कापली. त्यामुळे रस डोळ्यांत साठतो. मग काडी चार-पाच इंचांची कापून, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी छाटून पाचर केली. रोपाचा शेंडा उडवून उरलेल्या दांड्याला मधोमध चीर दिली, पाचर तीत बसवली, आणि पॉलिथिनची पट्टी घट्ट गुंडाळली. एका कलमाला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. सारे कौशल्य साल आणि लाकूड यांच्यामधल्या त्या पातळ, ओलसर थरात आहे. वाढणाऱ्या पेशी असतात त्या तिथेच. खालचा आणि वरचा थर एकमेकांना टेकला पाहिजे, निदान एका बाजूने तरी. तो टेकला की दोन्हीकडच्या पेशी मिळून सांधा भरतात आणि खालचे पाणी वर जाऊ लागते. काडी थोडी बारीक असेल तर ती चिरेच्या मधोमध ठेवायची नाही, एका कडेला लावायची, ती याचसाठी. चाकू धारदार हवा आणि हात चटकन चालला पाहिजे. कापलेला भाग सुकला की सगळे संपले.

आम्ही चोवीस कलमे बांधली. पाचसहा दिवसांनी देठ आपोआप गळाले तर काडी जिवंत. देठ सुकून तसेच चिकटून राहिले तर आशा सोडावी, ही मामांनी सांगितलेली खूण. तीन-चार आठवड्यांत डोळे फुटू लागले. चोवीसांतली तेरा जगली. ‘म्हातारीने बरीच दिली,’ मामा म्हणाले.

एक प्रश्न अनेकजण विचारतात. कोयीच्या झाडाला फळ यायला सात ते दहा वर्षे, मग कलमाला तीन-चार वर्षांत कसे येते? कारण काडी वयाने लहान नसते. ती फळ देणाऱ्या झाडाची असते, आणि आपले प्रौढपण बरोबर घेऊन येते. फक्त मुळे तिला नवी मिळतात. त्यामुळे कलमाला कधी कधी दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. तो खुडायचा असतो. पहिली तीन वर्षे झाडाने अंग धरायचे, फळ नाही.

हातभर जागेत

ज्यांना असे कोणतेही झाड वाचवायचे नाही, फक्त घरचे फळ खायचे आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. पुण्याची हवा कोकणची नाही. येथला हिवाळा थंड, उन्हाळा कोरडा. हापूस लावाल तर फळाचा भरवसा कमी. केशर देशावर अधिक स्थिरपणे येतो. दिल्लीच्या संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली ही जात ठेंगणी असते, आणि गच्चीवरच्या अर्ध्या पिंपातही तिला फळ धरते. डाळिंब आणि पेरू यांना गुटी बांधावी. पावसाळ्यात फांदीवरची इंचभर साल गोलाकार काढायची, त्यावर ओले शेवाळ ठेवून प्लास्टिकने बांधायचे, आणि मुळे दिसू लागली की खालून कापून लावायचे. अंजिराची तर साधी काडीही रुजते, आणि पुरंदर उशाशी असताना पुणेकराच्या परसात अंजीर नसावे हे बरे नव्हे. चिकूचे कलम खिरणीवर बांधतात, मोसंबीचे डोळे जंबेरी किंवा रंगपूर लिंबावर भरतात. मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्यावर तीनशेहून अधिक जाती बांधल्या आणि त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. आपल्याला तीनशे नकोत. परसात एकाच झाडाची जागा असेल तर त्यावर केशर, पायरी आणि तोतापुरी अशा तीन फांद्या सहज नांदतात.

रोप विकत घेताना सांधा पाहून घ्यावा. खुंटाला नुसती चीर देऊन, पट्टी बांधून रायवळ रोप कलम म्हणून खपवणारे लोक आहेत. एकदा एका रोपवाटिकेत मला तसेच रोप दाखवण्यात आले होते. म्हणून शक्यतो शासनमान्य किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे. लावताना सांधा मातीच्या वर राहील हे पाहावे. सांधा भरला की पट्टी सोडावी, नाहीतर ती खोडाला काचते. आणि सांध्याच्या खाली जी जी फूट येईल ती निर्दयपणे काढावी. खुंटाची फूट जोमदार असते. ती हिरवीगार दिसते म्हणून माणसे मोहात पडतात, आणि पाच वर्षांनी वरचे कलम मेलेले आणि खालचे रायवळ माजलेले, अशी झाडे पुण्यात कितीतरी आहेत.

शेप्या २०२३ च्या डिसेंबरात गेला. रीतसर परवानगीने, दोन दिवसांत. त्याचे लाकूड किती निघाले हे मी विचारले नाही. तेरा कलमांपैकी दोन वाटेत मेली. उरलेल्या अकरांतली चार खेडला आईच्या माहेरच्या बांधावर गेली. मूळ झाड तिथे केव्हाच उरलेले नाही, म्हणजे ती एका अर्थाने परत गेली. बहिणीकडे तळेगावला दोन, गल्लीतल्या जुन्या शेजाऱ्यांना चार, आणि एक मोठ्या पिंपात, आमच्या नव्या इमारतीची वाट पाहत, सध्याच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर. तळेगावच्या एकाला २०२५ च्या जानेवारीत मोहोर आला. बहिणीने फोन करून विचारले, ‘खुडू?’ मी म्हटले, खुड. तिने खुडला, पण एक तुरा ठेवला, असे मला मेहुण्यांकडून कळले. त्या तुऱ्याला काही धरले नाही. फळ येईल तेव्हा त्याला तोच वास असेल का, हे सांगता येत नाही. जात तीच राहते, पण माती, पाणी, ऊन यांचाही वाटा असतोच.

येत्या काही वर्षांत पुण्याच्या जुन्या वसाहतींतली आणखी किती बैठी घरे जातील याचा हिशेब मी करू शकत नाही. घरे पुन्हा बांधता येतात. पण प्रत्येक परसात एखादे असे झाड असते, की ज्याची चव त्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नसते. सगळीच झाडे वाचवण्याजोगी नसतात हेही खरे; काही रायवळ खरोखरच आंबट आणि निकस असतात. ते घरच्या माणसांनीच ठरवावे. मात्र ज्यांच्या घरी पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यांना एक विनंती. वकिलाकडून कराराची कलमे तपासून घेता, तेव्हाच एखाद्या माहितगार माळ्याला बोलावून मागचे झाडही दाखवा. चार काड्या, चार कोयी, पावसाळ्यातले चार दिवस. खर्च म्हणाल तर करारातल्या मुद्रांकाच्या मानाने नगण्य. आणि कलमे तयार झाली की ती एकाच ठिकाणी ठेवू नका, वाटून टाका. एकाच दारात उभे असलेले झाड केव्हाही जाऊ शकते, हे तर आपण पाहिलेच आहे.